टिकाऊ कशाला म्हणायचं

अहो, तुमच्या शोकसभेत मला हसू आलं. हे आधीच सांगून टाकते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये तुमच्या कारखान्यातले, टेस्टिंगमधले कुलकर्णी उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "करमरकर साहेबांच्या तोंडी एकच शब्द असायचा. टिकाऊ. माल टिकाऊ हवा, काम टिकाऊ हवं, माणूस टिकाऊ हवा." सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्या घरमालकीण तिवारी भाभींना मराठी कळत नाही, पण हा शब्द हिंदीतही तोच, म्हणून त्यांनीही मान डोलावली. आणि माझ्या डोळ्यांसमोर आपलं घर आलं. नायलॉनच्या पट्ट्यांचा फोल्डिंग पलंग, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबल म्हणून वापरायची लोखंडी पेटी आणि तिच्यावर मी भरलेला टेबलक्लॉथ. उभा जन्म टिकाऊ माल बनवण्यात घालवलेल्या माणसाच्या घरात टिकाऊ म्हणावी अशी एकही वस्तू नाही, हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं रडतेय. थोड्या वेळानं ते खरंही झालं.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. आपला निखिल दिवसकार्य उरकून पुण्याला गेला आहे आणि पुढच्या आठवड्यात मला कायमची न्यायला येणार आहे. त्याच्या आत आपलं अर्धवट राहिलेलं भांडण मला पुरं करायचंय. भांडण रंगात आलं की उठून अंगणात जाऊन उभं राहायची तुमची सवय होती. या वेळी जरा लांबच गेलात.

लग्न होऊन मी साताऱ्याहून झाशीत उतरले, तेव्हा स्टेशनबाहेर टेम्पोत सामान चढवता चढवता तुम्ही मला पहिली गोष्ट सांगितलीत ती ही, की दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे, मग आपण पुण्याकडे जाऊ. मी नवी नवरी, मला काय, मी हो म्हटलं. घरात पाऊल ठेवलं तर कंपनीच्या क्वार्टरमध्ये तो फोल्डिंग पलंग उघडून ठेवलेला. तुमचा नियम मला त्याच आठवड्यात पाठ झाला. झाशीत घ्यायची वस्तू अशी हवी, की जाताना ती एक तर ट्रकमध्ये सहज चढावी, नाही तर कुणाला देऊन टाकताना जीव हळहळू नये. चांगली वस्तू घ्यायची ती तिकडच्या घरासाठी. इथं सगळं तात्पुरतं.

तुम्ही एकटेच तसे होतात असंही नाही. कॉलनीतली आपली सगळी मराठी मंडळी त्याच आजारानं पछाडलेली. कुणाचं खरं घर नागपूरला, कुणाचं नाशिकला, कुणाचं सांगलीला. रविवारी आपण एकमेकांकडे जायचो, पलंगांवर ओळीनं बसायचो आणि खऱ्या घरांच्या गोष्टी करायचो. तिकडे ओटा काळ्या दगडाचा केलाय, दारं सागवानी लावलीत, बाल्कनीत झोपाळ्याला कड्या ठोकून घेतल्यात. हातात मात्र सगळ्यांच्या त्याच स्टीलच्या पेल्यांतला चहा. शेजारच्या अरोरा बाईंनी एकदा मला अगदी मनापासून विचारलं होतं, "भाभी जी, आप मराठी लोगों में सोफ़ा रखना मना है क्या?" मी तुम्हाला संध्याकाळी हे सांगितलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "तिला काय कळतंय? ते लोक इथलेच होऊन बसलेत." जणू काही तो गुन्हाच होता.

आणि कारखान्यात? तिथं हाच शब्द तुमच्या तोंडी किती वेगळा वाजायचा! गिऱ्हाइकांशी फोनवर बोलताना तुमचा आवाज चढायचा. "साहब, टिकाऊ चीज़ है. आप रिटायर हो जाएँगे, ये चलता रहेगा." एका वर्षी घरच्यांना कारखाना बघायला बोलावलं होतं, तेव्हा तुम्ही मला तुमच्या हाताखाली तयार होणारा ट्रान्सफॉर्मर दाखवलात. आपल्या क्वार्टरपेक्षा मोठा होता तो. मी म्हटलं, एवढं लोखंड, टिकणारच की. तुम्ही म्हणालात, "लोखंड टिकतं, तांबंही टिकतं, त्यात विशेष काही नाही. आत तांब्याला कागद गुंडाळलेला असतो. तो कागद किती टिकतो, त्यावर सगळं. कागद गेला की ट्रान्सफॉर्मर गेला." मला ते फार आवडलं होतं. एवढ्या अवाढव्य धुडाचं आयुष्य कागदावर! त्या दिवशी मी तुमच्याकडे जरा निराळ्या नजरेनं बघितलं. हा माणूस रोज सकाळी डबा घेऊन जातो तो कागदाची काळजी घ्यायला, असं मनात आलं आणि तुमचा अभिमान वाटला. हे तेव्हा बोलायला हवं होतं, राहून गेलं.

मग चहा पिताना तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितलीत. कागदाला मारते ती उष्णता आणि ओल. पण चालू ट्रान्सफॉर्मरपेक्षा आवारात नुसता पडून राहिलेला कधी कधी जास्त त्रास देतो, म्हणालात. चालू असतो तो आतून गरम असतो, त्यामुळे कोरडा राहतो. पडून राहिलेला हळूहळू हवेतली ओल ओढून घेतो, आणि मग ऐन वेळी चालू करायला जावं तर दगा देतो. तुम्ही बोलून विसरलात. मी विसरले नाही, हे पुढे तुम्हाला चांगलंच कळलं.

खंडेराव गेटजवळच्या दुर्गाताईंची ओळख झाली ती मंडळाच्या हळदीकुंकवात. त्या रेल्वेच्या ऑफिसात होत्या, आणि त्यांचं घराणं इथं मराठी फौजेबरोबर आलेलं. मला न्यायला आलेल्या तुम्ही त्यांना पहिल्याच भेटीत विचारलंत, "ताई, तुमचं मूळ गाव कुठलं?" त्या म्हणाल्या, "मूळ गाँव? हेच की. कोकणात कुठेसं होतं म्हणे, आता कुणाला ठाऊक." तुम्ही अगदी सहानुभूतीनं म्हणालात की आम्ही मात्र दोन-चार वर्षांसाठीच आलोय. दुर्गाताई अशा हसल्या, की हातातलं तबक हललं. "अहो भाईसाहब, आमचे पूर्वजसुद्धा दो-चार साल के लिएच आले होते! काम संपलं की परत, असं ठरलं होतं. अजून काम चालूच आहे जी." सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. तुम्ही मात्र घरी आल्या आल्या बदलीचा अर्ज काढून वाचत बसलात.

बदली काही झाली नाही. पुण्यात फ्लॅट मात्र झाला. आणि मग माझ्या संसाराचे दोन भाग पडले. इथं मोडकं-तोडकं वापरायचं आणि तिथं उत्तम ते झाकून ठेवायचं. सागवानी पलंग घेतलात, त्याच्यावर जुनी चादर. जेवणाचं टेबल घेतलंत, सहा खुर्च्यांसकट, त्याच्यावर दोन चादरी. कपाट घेतलंत, त्याला कुलूप, आणि किल्ली झाशीत. दर उन्हाळ्यात आपण जायचो, चादरी काढायचो, पुसायचो, आणि निघताना पुन्हा घालायचो. त्या टेबलावर मी गरम चहाचा कप ठेवला की तुम्ही बशीखाली कागद सरकवायचात. निखिल लहान असताना एकदा तिथं चित्र काढायला बसला, तर तुम्ही त्याला उचलून जमिनीवर बसवलंत. "हे टिकाऊ आहे, बाळा, खराब करायचं नाही." तो म्हणाला, "बाबा, टिकाऊ है तो ख़राब कैसे होगा?" तुम्ही टेबलावर पुन्हा चादर ओढलीत. मला वाटतं, आपलं खरं भांडण त्या दिवशी सुरू झालं.

तुमचं म्हणणं, वस्तू जपली की टिकते. माझं म्हणणं, वापरली की टिकते. तुमच्याकडे कारखाना होता, माझ्याकडे स्वयंपाकघर. आणि टिकणं हा शब्द स्वयंपाकघरात रोजचा आहे, तिथं त्याचा अर्थ चांगला घासूनपुसून घेतलेला असतो. भाजणी टिकते, ओलं खोबरं टिकत नाही. लिंबाचं लोणचं वर्षानुवर्षं टिकतं, पण कधी? दोन-चार दिवसांनी बरणी हलवत राहिलं तर. तोंड बांधून विसरून गेलं, तर वर पांढरी बुरशी. बिडाचा तवा रोज वापरला तर गुळगुळीत, माळ्यावर टाकला तर गंजतो. मी हे सगळं तुम्हाला सांगायची, आणि तुम्ही वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायचात, "लोणचं आणि फर्निचर यांत फरक आहे." असेल. पण शब्द तर एकच ना?

त्या उन्हाळ्यात आपण पुण्याचं दार उघडलं आणि आत ओलीचा वास आला. आठवतंय? बाथरूमच्या बाजूची भिंत पाझरली होती. कपाटाची मागची फळी फुगून पोटासारखी बाहेर आली होती. खुर्च्यांच्या गाद्या हात लावला तिथं चुरचुरत होत्या. कुकरची रिंग कडक होऊन तडकली होती, ती तर एकदाही वापरलेली नव्हती. तुम्ही त्या कपाटासमोर नुसते उभे राहिलात. मी म्हटलं, "पडून राहिलेला ट्रान्सफॉर्मर ओल ओढून घेतो, असं कोण म्हणालं होतं?" मला थांबायला हवं होतं की काय, कोण जाणे. मी थांबले नाही. म्हटलं, "तुम्ही याला टिकलेलं म्हणता. हे टिकलेलं नाही, नुसतं उरलेलं आहे. डब्याच्या तळाशी उरतं तसं. आपला झाशीचा पलंग टिकलाय. त्याच्यावर आपण झोपलो, निखिल जन्मला तेव्हा बाळंतपण झालं, तुमचा टायफॉइड झाला, पाहुणे झोपले, पट्ट्या तुटल्या, तुम्हीच नव्या विणल्यात." तुम्ही इतकंच म्हणालात, "तो पलंग मी उद्या भंगारात देतो." आणि अंगणाऐवजी जिन्यात जाऊन उभे राहिलात.

तो पलंग तुम्ही भंगारात दिला नाहीत. उलट परत आल्यावर त्याचा सैल झालेला पाय काढून त्यात रबर घालून पुन्हा बसवलात, तो कसा डगमगत नाही ते मला दाखवलंत. मला तुमची ही गंमत कधी कळलीच नाही. तात्पुरत्या वस्तूंवर तुम्ही किती माया केलीत! बादलीची कडी, कूलरची मोटर, खुर्चीच्या तडकलेल्या पाठीला तार ओवून केलेले टाके. फेकून द्यायच्या म्हणून आणलेल्या वस्तूंतली एकही तुम्ही फेकू दिली नाहीत.

तुमच्या बाजूचंही सांगते, नाही तर म्हणाल एकतर्फी निकाल दिला. तुमच्या आईनं एकदा मला सांगितलं होतं, की तुमच्या लहानपणी घरात पाहुणा आला की ताटं शेजारून आणावी लागायची, आणि परत देताना ती घासूनपुसून, उन्हात वाळवून द्यावी लागायची. एकदा एका ताटाला पोचा गेला तर शेजारीण दारात उभी राहून बोलली, आणि तुम्ही ते ऐकलंत. ज्या मुलानं ते ऐकलं, त्याला मोठेपणी एक तरी घर असं हवंच असणार, जिथं कशालाही ओरखडा नाही. हे मला समजतं. तुम्ही हयात असताना मी हे कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर भांडण संपलं असतं, आणि मला ते जिंकायचं होतं.

बाकी तुमच्याविरुद्धचा सगळ्यांत मोठा पुरावा मी कधीच बाहेर काढला नाही. तो आज काढते. पुण्याहून परत येताना सकाळी झाशीच्या अलीकडचं बबीना स्टेशन आलं की तुम्ही जागे व्हायचात. खिडकीतून छावणीचे रणगाडे दिसतात का बघायचात, सीटखाली पायानं चपला चाचपायचात, बॅग ओढून मांडीवर घ्यायचात, आणि मला हलवून म्हणायचात, "उठा. आलं घर." दर वेळी. एकदाही चुकला नाहीत. पुण्याला उतरताना तुम्ही असं कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही. तिथं तुम्ही म्हणायचात, "चला, फ्लॅटची किल्ली काढा." मी ऐकून घ्यायची आणि गप्प बसायची. मला भीती वाटायची, की दाखवून दिलं तर तुम्ही ते म्हणायचं बंद कराल.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा तरी आपण जायचं होतं. तुम्ही सिविल लाइन्समध्ये तिवारींचा वरचा मजला घेतलात, "सहा महिन्यांसाठी." त्या सहा महिन्यांत मग काय काय निघालं. आधी तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन, मग कारखान्यानं सल्ल्यासाठी बोलावलं म्हणून, मग पुण्यात पाऊस म्हणून, मग इथं थंडी छान पडलीय म्हणून. तिवारीजी खालून विचारायचे, "करमरकर साहब, इस साल पक्का जा रहे हैं?" तुम्ही गंभीरपणे सांगायचात, "बस, दिवाली के बाद." कुठली दिवाळी ते त्यांनी कधी विचारलं नाही. सकाळी तुम्ही किल्ल्याच्या रस्त्यानं फिरून यायचात, येताना कोपऱ्यावर त्या रिटायर्ड मंडळींबरोबर मातीच्या कुल्हडमधला चहा घ्यायचात, आणि घरी येऊन मला सांगायचात की इथल्या लोकांना वेळेची किंमत नाही. सांगताना तुमचा चेहरा इतका खुललेला असायचा, की मी पुढचं काही बोलायची नाही.

तुम्ही गेलात त्या दुपारी बाहेर लूची गरम हवा वाहत होती. मी पन्हं घेऊन आले, तर तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसलेले होतात, चष्मा नाकावर, आणि मला क्षणभर वाटलं पेपर वाचताय. मी हाक मारली. मग पुन्हा मारली. त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की मी कुणालाही फोन केला नव्हता आणि घर माणसांनी भरलं. तिवारींचा धाकटा डॉक्टरला घेऊन आला. भाभींनी मला धरून ठेवलं, आणि त्या हिंदीत रडत होत्या, मी मराठीत. दुर्गाताई तेवढ्या उन्हात खंडेराव गेटहून ई-रिक्षा करून आल्या, दारात चपला काढल्या आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन लागेल ते काढायला लागल्या. कुठला डबा कुठं आहे हे त्यांना विचारावं लागलं नाही. निखिल दुसऱ्या दिवशी पोहोचेपर्यंत तुम्हाला सांभाळलं ते या लोकांनी. कारखान्यातल्या तुमच्या शॉपमधली पोरं, आता तीही पिकली आहेत, त्यांनी खांदा दिला. त्यातला एक मला म्हणाला, "मैडम, साहब ने हमको काम सिखाया, हमसे पहले कोई हाथ नहीं लगाएगा." निखिल आला तेव्हा त्याला आपल्याच बापाच्या जवळ जायला वाट काढावी लागली.

आणि हाच निखिल मला विचारतो, इथं आहे काय तुझं? परवा रात्री जेवणानंतर फोनवर आमचं वाजलं. तो समजावायला लागला. "आई, प्रॅक्टिकली बघ ना. भाड्याचं घर, मोडकं सामान. तिकडे बाबांनी सगळं टिकाऊ करून ठेवलंय तुझ्यासाठी. ते कोण वापरणार?"

मी म्हटलं, "तुम्ही वापरा. त्या चादरींच्या धाकानं तुम्हीही पुण्यात भाड्यानंच राहता ना? जा तिथं राहायला. चादरी काढा, टेबलावर पोरांना अभ्यास करू देत, रंग सांडू देत. गरम पातेलं सरळ ठेवा."

"आणि तू?"

"मी इथंच राहणार."

पोरगा झाशीत वाढलाय, चिडला की हिंदीत चिडतो. "आई, ज़िद मत करो यार. अकेली कैसे रहोगी तुम? लोग क्या कहेंगे मुझे?"

लोक म्हणायचं ते म्हणोत. पण मला पुण्यात कुणी ओळखत नाही, हे मी त्याला सांगितलं. सोसायटीचा वॉचमन इतक्या वर्षांत दर वेळी मला विचारतो, कुणाकडे जायचंय. इथं भाजीवाला माझ्यासाठी पपई बाजूला काढून ठेवतो आणि दोन दिवस दिसले नाही तर खाली येऊन भाभींना विचारतो. मला इथं दिवसभरात किती तरी माणसांना उत्तर द्यावं लागतं, कुठं गेला होतात, गुडघा कसा आहे, आज भाजी कुठली. या वयात मला असं विचारणारी माणसं पुन्हा नव्यानं जमवायची नाहीत. ती जमायला मला जवळजवळ सगळा जन्म लागला आणि त्यातली बरीचशी तुमच्यामुळे जमली, तुम्ही जायचं जायचं म्हणत बसलात म्हणून. याबद्दल तुमचे आभार कसे मानावेत मला कळत नाही. तुम्ही मला झाशी दिलीत आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नव्हता.

निखिल मग मराठीत आला. "बाबांना चाललं असतं हे?"

मी म्हटलं, "नसतं चाललं. पण ठरवायला आता मी आहे."

तो येणार आहे पुढच्या आठवड्यात, येऊ दे. राहील चार दिवस, भांडेल, त्याची बायकोही फोनवरून भांडेल. आजारी पडले तर काय, हाही प्रश्न काढेल, आणि तो काही खोटा नाही. त्याचं उत्तर मी भाभींशी बोलून ठेवलंय. घर तुमचंच समजा, म्हणाल्या, आणि रात्री झोपायला त्यांची पुतणी वर येईल, ती इथं परीक्षेच्या तयारीला राहतेच आहे. एकटीनं मला भीती वाटणार नाही असं मी म्हणत नाही. वाटतेच. संध्याकाळी दिवा लावताना तुमची खुर्ची दिसते आणि रडू येतं. पण ते पुण्यातही येईल, आणि तिथं ते मी कुणाला सांगू?

तुमचा फोटो फ्रेम होऊन आलाय. तिवारींच्या धाकट्यानं करून आणला, चांगला झालाय, फक्त तुम्ही जरा रागावल्यासारखे दिसता. निखिलनं तो जाताना स्टुलावर भिंतीला टेकवून ठेवला आणि म्हणाला, आत्ता राहू दे असाच, पुण्यात गेल्यावर नीट लावू. इतके दिवस तो तसाच होता. झाडू मारताना उचलायचा, पुन्हा ठेवायचा. आज सकाळी तो घसरला. काच फुटली नाही, पण मी तशीच खाली गेले आणि भाभींना म्हटलं, मिस्त्री बोलवा.

मिस्त्री आला. जवळच्याच कुठल्या गावचा, बुंदेलीत बोलणारा. त्यानं भिंतीवर बोटं वाजवून बघितली, फोटो हातात घेऊन वजन बघितलं आणि मला म्हणाला, "अम्मा, कित्ते दिनन के लाने लगाने है? किराये को मकान है. हलकी कील ठोंक देत हैं, जाबे की बेरा निकार लियो, दीवार खराब नईं हुइए."

जाताना काढून घेता येईल असा हलका खिळा, म्हणजे भिंत खराब होणार नाही! माझी नजर तुमच्याकडे गेली. तुम्ही असता तर हलकाच ठोक म्हणाला असतात, हे मला माहीत आहे. तुमच्या त्या रागावलेल्या चेहऱ्याकडे बघूनच मी त्याला सांगितलं, "भैया, हम कहीं नहीं जा रहे. ड्रिल लाओ, और कील पूरी अंदर तक जानी चाहिए."

तो ड्रिल आणायला खाली गेलाय. मी पेन्सिलीनं जागा आखून ठेवली आहे, पलंगावरून सरळ दिसेल अशी. आता थोडा आवाज होईल, तेवढा सहन करा.